रिकाम्या जागेचे गुण

फार पूर्वी, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका मुलखात एक ताशेवाला राहत होता. त्याच्या काड्या ताशावर पडू लागल्या की ओसरीवर बसलेली म्हातारी माणसं काठी शोधत रस्त्यावर यायची, आणि ज्यांना उठवत नसे ती बसल्या जागी मान डोलवायची. त्याच्या गावाचं ढोलताशांचं पथक सगळ्या मुलखात नावाजलेलं होतं. पुढे ताशे, मागे ढोल, त्यामागे झांजा, आणि चाल अशी की तीस माणसांचं पाऊल एकदम पडायचं. एका ठिकाणी तर सगळे ढोल थांबायचे आणि सात पावलं होईपर्यंत एकट्या या ताशेवाल्याची तर्री कडाडायची. काड्या इतक्या भराभर पडायच्या की मध्ये फट म्हणून सापडायची नाही. त्या सात पावलांसाठी लोक लांबून चालत यायचे.

मग एके वर्षी घाटाच्या उतारावर बैलगाडी उलटली आणि त्याचं डावं मनगट चाकाखाली आलं. वैद्याने हाड सांधलं. भाकरी मोडता येऊ लागली, दोर ओढता येऊ लागला, पण काडी धरली की बोटं ऐकेनात. वैद्य म्हणाला, "जीव वाचला हे काय कमी आहे?" लोकांना असं बोलायला काही लागत नाही.

ताशेवाल्याला फक्त वाजवायचं होतं. जेवायला बसला की उजव्या हाताची बोटं ताटाच्या काठावर चालायची आणि डावी नुसती थरथरायची. संध्याकाळी तालमीचा आवाज आला की तो उगाच विहिरीवर जायचा आणि भरलेली घागर ओतून पुन्हा भरत बसायचा. शेवटी त्याला गावात राहवेना.

त्या मुलखाच्या राजधानीत दरवर्षी दसऱ्याच्या आठ दिवस आधी पथकांची स्पर्धा भरे. जे पथक जिंकेल त्याला दसऱ्याच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे चालायचा मान. निवाडा करायच्या थोरल्या परीक्षकबाई. बाई आता थकल्या होत्या आणि हाताखाली कुणाला तरी तयार करावं म्हणून माणूस शोधत होत्या. हे ताशेवाल्याच्या कानावर आलं. वाजवता येत नाही तर निदान वाजणाऱ्यांच्या जवळ तरी बसू, असं म्हणून तो राजधानीला गेला.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला परीक्षक व्हायचंय की वाजवायचंय?" त्यांनी विचारलं.

"वाजवणं संपलं, बाई."

"ते कळेलच," बाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे वाळू भरलेली परात ठेवली.

तिथली रीतच तशी होती. आवाजाची परीक्षा करणाऱ्याने रस्त्याकडे पाठ करून बसायचं आणि दोन्ही तळहात परातीतल्या सपाट वाळूवर ठेवायचे. पथक वाजवून गेलं की वाळू पाहायची. वाळूत बोटांच्या खुणा दिसल्या तर त्याने दिलेले गुण बाद. "बोटं वाजवायला लागली की कान रजेवर जातात," बाई म्हणायच्या.

पहिले काही महिने ताशेवाल्याची वाळू कोंबड्यांनी उकरल्यासारखी दिसे. बाई फळीने ती सपाट करायच्या आणि परात पुन्हा पुढे सरकवायच्या. त्या त्याला धोब्यांच्या घाटावर नेत आणि डोळे मिटून बसवत. जिथे दोघी बाया एकाच उखळात कांडत, तिथे नेऊन विचारत, "कुणाचं मुसळ चुकलं?"

"कुणाचंच नाही."

"डावीकडचीचं. तिने एक घाव गाळला. पडलेला घाव कुणालाही ऐकू येतो रे. न पडलेला ऐकायला शीक."

तो चिडायचा, पण शिकायचा. दीड वर्षात वाळू साफ राहू लागली. कोण थकलाय, कोण नवा आहे, कुणाच्या ताशाचं कातडं नीट तापलेलं नाही, हे त्याला पाठ करून बसल्या बसल्या सांगता येऊ लागलं. बाई म्हणाल्या, "या वर्षी आवाजाचा कागद तुझा. पावलं आणि रांग मी बघेन. नीट निभावलंस तर परीक्षकाचं उपरणं तुझ्या खांद्यावर."

स्पर्धेच्या दिवशी राजरस्ता माणसांनी फुलून गेला. एकामागून एक पथकं आली आणि गेली. नदीकाठचं पथक अगदी चोख वाजवून गेलं. कोरडं, पण चोख. ताशेवाल्याने पन्नासांपैकी शेहेचाळीस गुण लिहिले. आणि मग लांबून एक ढोल घुमला. कुणी नाव पुकारायच्या आतच त्याने तो ओळखला. ते त्याच्या गावचं पथक होतं, त्याचं मनगट मोडल्यापासून पहिल्यांदाच आलेलं.

त्याचे डोळे भरून आले. हा ढोल त्या लोहाराचा, ही झांज त्या दोघी बहिणींची. एकेक आवाज त्याच्या पाठीवर हात ठेवून जात होता. ढोल थांबले आणि सात पावलांची ती तर्री आली. त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. मग पुन्हा ढोल उसळले आणि पथक पुढे निघून गेलं. त्याने डोळे पुसले आणि कागदावर पन्नासांपैकी पन्नास लिहिले.

बाईंनी वाकून परात पाहिली. "वाळू साफ आहे."

"हो, बाई," तो अभिमानाने म्हणाला.

"ढोल थांबले तिथे काय वाजलं?"

"तर्री. सात पावलांची, एकट्या ताशाची."

"वाजवणारा कसा होता? कच्चा, पक्का, नवा, जुना?"

एका काडीवरून माणूस सांगणारा ताशेवाला, पण या वाजवणाऱ्याबद्दल त्याला एक शब्द सांगता येईना. त्याला आठवत होता तो हात त्याच्या फार ओळखीचा होता, आणि तो हात आत्ता वाळूवर निपचित पडलेला होता.

"आवाज तुझ्याकडे आहे, मी त्यात पडणार नाही," बाई म्हणाल्या. "कागद द्यायचा तर दे. शंका असेल तर एका पथकाला पुन्हा वाजवायला लावायचा हक्क तुला आहे, तोही दिवसातून एकदाच. काय ते तू ठरव."

ताशेवाला कागद धरून बसला. दिला तर गाव दसऱ्याला सगळ्यांत पुढे चालेल, आणि कुणाच्या बापाला काही कळणार नाही. पण खरं सांगायचं तर त्याला गावाच्या मानापेक्षाही दुसरंच काहीतरी जपायचं होतं. दोन वर्षांनी त्याला ती तर्री ऐकू आली होती. पुन्हा ऐकलं तर ती हातची जाईल, अशी धास्ती त्याला वाटत होती. मनगट मोडलं तेव्हासुद्धा तो इतका घाबरला नव्हता.

कागद बाजूला ठेवून तो म्हणाला, "माझ्या गावच्या पथकाला परत बोलवा."

पथक हसत हसत परत आलं. या वेळी त्याने मनातली बोटंही आवरून धरली. ढोल घुमले, झांजा खणखणल्या, आणि मग ढोल थांबले.

पुढे काही नव्हतं. रस्त्यावर फक्त पावलं वाजत होती. एक, दोन, तीन, करत सात. मग ढोल पुन्हा उसळले.

ताशेवाला वळला. पहिल्या रांगेत एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती, आणि सगळे ती सांभाळत चालले होते, जणू तिथे कुणी उभंच आहे. पथकाची म्होरकी ढोल गळ्यात घेऊन त्याच्याकडे बघत होती आणि तिचं तोंड आनंदाने फुललं होतं.

त्याने पन्नासवर काट मारली, चाळीस लिहिले, आणि पुढे कारण लिहिलं: तर्रीची जागा रिकामी. मान नदीकाठच्या पथकाला गेला.

निकाल लागल्यावर म्होरकी तरातरा त्याच्यासमोर आली. "आम्हांला वाटलं, तुला गोड लागलं म्हणून पुन्हा बोलावलंस."

"पहिल्यांदा लागलं होतं गोड."

"अरे, ती जागा तुझी हाय! दोन वर्सं झाली, कुणाला तिथं पाय ठेवू दिला न्हाई आम्ही. एक पोर सारखी मागतीया, तरी न्हाई दिली. म्हटलं, येईल आपला माणूस. आन् तूच आमचे गुण कापलेस?"

"मला तिथे तर्री ऐकू आली," ताशेवाला म्हणाला. "तुम्ही वाजवलीच नव्हती, तरी मला ऐकू आली. मी खोटे गुण देत होतो तुम्हांला."

म्होरकीने गळ्यातला ढोल खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मग ये की परत. हळू वाजव. आम्ही घेऊ सांभाळून."

किती वाट पाहिली होती त्याने या शब्दांची! त्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता निघावं. त्याने डाव्या हाताची मूठ वळून पाहिली. ती अर्धीच वळली.

"मी नाही येणार," तो म्हणाला. हे वाक्य त्याने आजवर स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. "कुणीतरी नवं घ्या तिथे. ज्या पोरीला हवी होती, तिलाच द्या जागा."

"तिला तुझ्यावानी न्हाई जमायचं."

"माझ्यासारखं नकोच. तिचं तिला वाजवू दे."

म्होरकीने डोळे पुसले, त्याला एक शिवी दिली आणि ढोल उचलून निघून गेली. त्या संध्याकाळी बाईंनी स्वतःच्या हातांनी त्याच्या खांद्यावर उपरणं घातलं. तेव्हा तो हुंदके देऊन रडला, आणि बाईंनी त्याला रडू दिलं.

पुढच्या वर्षी पथक पुन्हा आलं. ताशेवाला रस्त्याकडे पाठ करून बसला होता. ढोल थांबले आणि तर्री पडली. ती केसभर उशिरा उठली, तिसऱ्या पावलाला जरा अडखळली, आणि मग अशी काही सुटली की बघ्यांनी टाळ्या पिटल्या. त्याच्या तर्रीशी तिचं काही म्हणजे काही जुळत नव्हतं. त्याला सगळं ऐकू आलं, अडखळणंसुद्धा.

त्याने कागद पुढे ओढला, अडखळण्याचे दोन गुण कापले, बाकीचे भरभरून दिले आणि खाली लिहिलं: जागा भरली. त्यानंतर पुढचं पथक येईपर्यंत त्याला वर पाहता आलं नाही.

तात्पर्य: आपल्या माणसांवरच्या मायेपोटी त्यांचं उणं आपणच मनात भरून काढलं, तर ते त्यांना कधीच भरता येत नाही. आपल्याला कितीही दुखलं तरी ते ऐकावं आणि त्यांना सांगावं.