आजोबांचे बदाम

जंगलात कागद-शिक्के आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. चिटकी खारीच्या आजोबांनी मरण्याआधी नदीकाठी बदाम पुरले आणि कासवकाकांना बजावलं, "नात मोठी झाली की तिच्या हवाली करा."

मोठी झाल्यावर चिटकी तरातरा वारसा मागायला आली. काकांनी जागा दाखवली. तिने सगळी माती उकरली, पण एकही बदाम सापडेना!

फणफणत ती शेजारच्या झाडावर चढली आणि तिथला बदाम कुरतडत ओरडली, "विश्वासाने दिलेले बदाम खाल्लेत ना तुम्ही?"

"मी गवत खातो, पोरी," काका म्हणाले. "तुझ्या आजोबांचे बदाम उगवले. त्यांच्याच झाडावर तर बसलीयेस."

चिटकीचं कुरतडणं थांबलं. दोन बदाम घेऊन ती खाली उतरली आणि खड्डा करता करता म्हणाली, "काका, तुम्ही अजून किती वर्षं जगाल हो?"