एस्तेरबाईंचा अर्धा उपदेश

एका गावात तिमथीराव भिंगारदिवे नावाचे पाळक होते आणि चर्चची मंडळी हात धुऊन त्यांच्या मागे लागलेली होती. म्हैस व्याली, बोलवा पाळकांना प्रार्थनेला. नवी मोटरसायकल आली, बोलवा पाळकांना. पोराला शिंका आल्या तरी तेच! अरे, देवबाप काय एकट्या तिमथीरावांचंच ऐकतो? पण सांगतो कोण! शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांनीच उघडायचं, उपदेश त्यांनीच करायचा, बाकीच्यांनी 'आमेन' म्हणून घरी जेवायला जायचं.

तिमथीराव पार मेटाकुटीला आले. त्यातच सोलापूरहून लेकीचा फोन आला, "बाबा, बाळाचा बाप्तिस्मा तुमच्याच हातून व्हायला हवा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी याच." पहिला नातू! जीव तुटायला लागला. पण रविवारची उपासना चालवणार कोण? कुणीतरी तयार व्हावं म्हणून त्यांनी संध्याकाळचा शास्त्राचा वर्ग काढला.

माणसं आली, हे विशेष. पण तिमथीराव प्रश्न विचारायचे आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन मोकळे व्हायचे. कुणी वाचताना चुकलं की पुस्तक ओढून घ्यायचे. घरी येऊन मग कपाळ बडवायचे, "दगड आहेत सगळे! एकाच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ!"

"फुटायला जागा ठेवता का तुम्ही?" बायको म्हणाली. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मंडळीतल्या एस्तेरबाई तेवढ्या चिकाटीच्या. त्यांनी क्षमेवर उपदेश तयार केला. ठरलं असं, की आधीच्या रविवारी बाई बोलतील आणि पाळकसाहेब बाकावर बसून ऐकतील. जमलं, की साहेब सोलापूरला जायला मोकळे.

बाई उभ्या राहिल्या. सावकाश बोलल्या, पण बरोबर बोलल्या. एरवी डुलक्या काढणारेसुद्धा ताठ बसून ऐकू लागले. आणि ऐन मध्यात बाई थांबल्या. शब्द शोधू लागल्या.

'अगं बाई, बोल की! सोपं तर आहे!' तिमथीरावांना बाक टोचायला लागला. दोन घटका दम धरवेल तर ते तिमथीराव कसले! उठले, तरातरा पुढे गेले, बाईंना बाजूला सारून उरलेला उपदेश त्यांनीच पुरा केला. मंडळी मोठ्यानं 'आमेन' म्हणाली.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "एस्तेरबाई, पुढच्या रविवारी तुम्हीच हं."

"नको साहेब. मला आठवलं होतं. पण तुम्ही आलात. आता माझी छाती होत नाही."

"आपलं तुम्हीच करा साहेब," बाकीचेही म्हणाले, "आमच्या हातून बिघडायचं उगाच."

शेवटच्या रविवारी सोलापुरात नातवाचा बाप्तिस्मा झाला, दुसऱ्याच पाळकांच्या हातून. त्याच वेळी तिमथीराव गावात उपदेश करत होते. बोलता बोलता त्यांना नातू आठवला आणि शब्दच फुटेना. एस्तेरबाई समोरच बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, कुणीच उठलं नाही. साहेबांना बोलता येईपर्यंत सगळी मंडळी गप्प बसून राहिली.

तात्पर्य: शिकवायला बसलात तर शिकणाऱ्याला अडखळू द्या. त्याच्या तोंडचा घास जो काढून घेतो, त्याला जन्मभर एकट्यालाच राबावं लागतं, आणि मग कुरकुरायची सोय राहत नाही.