कोरडा पायथा

"गळतंय कुठं, दाखवा की मला!"

धरणाच्या पायथ्याशी उभा राहून सोनटक्के साहेब यल्लाप्पावर डाफरत होता. बावन्न वर्षांचं मातीचं धरण. भिंतीत मुरलेलं पाणी पायथ्याच्या चारीतून बाहेर पडायचं. ती चारी साहेबानं उन्हाळ्यात सिमेंट ओतून बुजवली. गळकं धरण तपासणी समितीला दाखवायचं कसं? निवृत्तीला चार महिने उरलेले. तेवढे निभावले की मग बुडेना का जग.

यल्लाप्पा जुना मुकादम. साहेब नवखा होता तेव्हा पायाखालची माती ओळखायला यानंच त्याला शिकवलेलं.

"समितीपुढे एवढंच म्हणा बाबा, धरण ठणठणीत आहे. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"बूट काढा."

"काय?"

"काढा तर."

म्हातारा उतार चढू लागला. साहेब धापा टाकत मागे. पंधरा दिवस कडक उघडीप होती. खालची माती पार भेगाळलेली.

निम्म्या उंचीवर साहेबाचा पाय घोट्यापर्यंत रुतला.

त्यानं तो उपसला. खड्डा पाण्यानं भरला. गढूळ पाण्यानं.

"हे... इतक्या वर?"

"वाट बुजवली तुमी. ते दुसरी हुडकतंय."

साहेब पांढराफटक पडला. मग उसळला. "सिमेंट पडत होतं तेव्हा तुम्ही इथंच होतात! तोंड शिवलं होतं का?"

"भ्यालो. नातवाला तुमच्याच हाताखाली चिकटवायचं हुतं."

...

दोघे एकमेकांकडे बघेनात. माणसांचं हे असंच. पाप वाटून घेतलं की हलकं होतं, असं त्यांना वाटतं.

खाली तीन गावं दिसत होती. कुणीतरी पत्र्यावर गोधड्या वाळत घालत होतं.

"धरण खाली करायला हवं," साहेब पुटपुटला. "आजच्या आज."

यल्लाप्पानं मान डोलावली.

"पण परवा मंत्री येतायत, जलपूजनाला. साडी-चोळी, नारळ, मांडव... सगळं ठरलंय. पाणीच सोडून दिलं तर ओटी कुणाची भरायची?"

यल्लाप्पानं गावांकडे बोट केलं.

"तिथल्या बाया अजून जित्या हायेत. त्यांची भरा."