पुसलेले निरोप

टेलिफोनला अजून वायर असायची, तेव्हाची गोष्ट. एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात फोनवरचे निरोप साठवणारी पेटी होती. ऑफिस बंद असताना आलेला प्रत्येक निरोप ती जपायची आणि सकाळी मंजिरीबाई चहा पिता पिता तो ऐकायच्या.

एका शुक्रवारी शेजारी नवी पेटी आली, दहापट निरोप मावणारी. मंजिरीबाईंनी तिला चक्क पदराने पुसलं आणि जुनीच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यावरून कधी साधं फडकं तरी फिरवलंत?

"सोमवारी तुझे निरोप माझ्यात उतरवणार आहेत, ताई," नवी अदबीने म्हणाली.

"एक अक्षर मिळायचं नाही तुला!" जुनी फणकारली. शनिवार-रविवारी आलेले सगळे निरोप तिने न ऐकताच पुसून टाकले.

सोमवारी मेकॅनिकने पाहिलं, तर पेटी रिकामी. "ही कामातून गेलीय," तो म्हणाला. जुनी दाराशी भंगाराच्या पोत्यात पडली, तरी मनात खूश होती.

दुपारी सगळे डबा खायला गेले असताना फोन वाजला आणि नव्या पेटीत आवाज उमटला, "मी रेगे, तुमचा निवृत्त हेडक्लार्क. शनिवारी निरोप ठेवला होता, उत्तर नाही आलं. जुनी पेटी भंगारात देऊ नका, मी घरी नेतो. वीस वर्षं सोबत केलीय तिने."

भंगारवाल्याने पोतं उचललं. जुनी ओरडली, "अगं, ऐकव ना कुणाला तरी!"

"ऐकवणार, ताई," नवी म्हणाली. "जेवून आले की लगेच. एक अक्षर सांडणार नाही."

हातगाडी तोवर फाटकाबाहेर पडली होती.