भिंतीपलीकडची कबर

“मग फुटला कशामुळे म्हणता तो देश?” इदरूसबाबांनी विचारलं.

डॉ. निरंजन उपासनी सावरून बसले. अमेरिकेतल्या यादवी युद्धावर त्यांची हयात गेली होती.

“सांगणं सोपं नाही, बाबा. युद्ध संपलं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं, गुलामगिरीमुळे. मागून आलेले म्हणाले, छे, जकातीचं भांडण होतं ते. कुणी म्हणालं, राज्यांच्या हक्कांचा वाद. कुणी म्हणालं, पुढारीच नादान निघाले, नाहीतर युद्ध टळलं असतं. आता बहुतेक जण पुन्हा गुलामगिरीवर आलेत.”

“आणि तुम्ही?”

“मी प्रत्येकाला त्याचं वजन दिलंय.” उपासनी किंचित हसले. “गुलामगिरी हे कारण आहेच. मोठं आहे. पण एकच नाही.”

बाबांनी मान हलवली. खाडीवरच्या टेकडीवरल्या या दर्ग्याचे ते म्हातारे मुजावर. त्यांच्या पणजीला आफ्रिकेतल्या हबसाणातून गलबतात घालून आणलं होतं आणि याच किनाऱ्यावर विकलं होतं.

त्यांची नात कौसर उपासनींच्या हाताखाली संशोधन करत होती. विकल्या गेलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं घरात काय सांगतात, यावर तिनं एक प्रकरण लिहिलं. उपासनींनी त्यावर लाल रेघ ओढली. ‘भावनिक. पुरावा नाही.’

पोरगी भांडली नाही. फक्त विभागात यायची बंद झाली.

तीन महिने वाट पाहून उपासनींनी स्वतः फोन केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “सर, आधी आमच्या बाबांशी बोला.”

म्हणून ते आले होते. चांगली मुलगी वाया जाऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

“तिला समजवा, बाबा. हुशार आहे. पण आमच्या कामात डोळे कोरडे ठेवावे लागतात.”

“खरं आहे...” बाबा गुडघ्यावर हात रेटून उठले. त्यांनी पाण्याची कळशी उचलली. “चला मास्तर. कबरींवर पाणी घालायचं राहिलंय.”

दर्ग्यामागे जुन्या सरदार घराण्याचं कबरस्तान होतं. कोरीव दगड, प्रत्येकावर नाव आणि साल. एका लहानशा कबरीवर बाबांनी पाणी शिंपडलं. मग ते कडेच्या कमरेएवढ्या भिंतीपाशी गेले, कळशी वर ठेवली आणि पाय वर घेऊ लागले.

“अहो, पडाल! दार कुठंय?”

“ठेवलंच नाही.”

ऐंशीच्या म्हाताऱ्याला उपासनींनी काखेत धरून चढवलं. मग बूट काढले आणि स्वतःही पलीकडे उतरले.

इथे नुसते धोंडे होते. गवतात बुडालेले. बाबा एका धोंड्याजवळ बसले.

“ही पणजी.”

“नाव काय त्यांचं?”

“मालकानं ठेवलेलं सांगू, की तिचं?”

“त्यांचं.”

बाबांनी धोंड्यावर आलेलं गवत हातानं बाजूला केलं.

“...तेच मला ठाऊक नाही.”

उपासनींनी खिशातली वही काढली होती. ती तशीच हातात राहिली.

“आणि भिंतीपलीकडची ती लहान कबर?”

“तिचा मुलगा. मालकापासून झालेला. पाच वर्षांचा होऊन तापानं गेला. मालकाचं रक्त, म्हणून आत पुरला, नाव कोरलं. तिला आत जायची मुभा नव्हती. इथं उभी राहून बघायची म्हणे.” बाबांनी उरलेलं पाणी धोंड्यावर ओतलं. “मुलगीही त्याचीच होती. ती मालकाला नको होती. आम्ही त्या मुलीचे.”

उपासनी भिंतीकडे पाहत होते. इथून ते कोरलेलं नाव वाचता येत नव्हतं. दगडाची पाठ तेवढी दिसत होती.

कौसरच्या त्या प्रकरणात अशीच एक बाई होती. भिंतीशी उभी. त्यांनी तिच्यावरूनच रेघ ओढली होती.

तरी सवयीनं त्यांनी विचारलंच, “ही भिंत केव्हाची? इथे काही लढाई... दंगा वगैरे?”

“कधीच नाही. गाव शांत. एकाच छपराखाली मालक, त्याच छपराखाली ती. त्याच चुलीवर रांधायची.”

उपासनी खाली बसले. गवतात, धोंड्याच्या बाजूला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असं त्यांना वाटलं नाही.

“बाबा... मी कौसरला काय सांगू?”

बाबांनी त्यांच्या पाठीवर ओला हात ठेवला.

“तिचं ती बघेल. तुम्ही मला एवढंच सांगा, मास्तर. तो देश त्या युद्धात फुटला म्हणता... त्याआधी तो एक होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”