जुनी काढून बघ

सन २०१९. रंगपंचमीचा दुसरा दिवस. पाडवा अकरा दिवसांवर आलेला.

"जुनी पुसून टाकू ना, वस्ताद?"

विचारणारा सुकुमार चौगुले. जयसिंगपुरात दस्तगीर वस्तादांच्या संगणकदुरुस्तीच्या दुकानात तीन वर्षं शिकलेला. हाताला चपळ, जिभेला त्याहून चपळ. पाडव्याला त्याला स्वतःचं दुकान उघडायचं होतं. पाटीसुद्धा रंगवून झाली होती.

अडलं होतं एका शब्दावर. त्या पेठेत रीत होती. वस्तादानं 'जा' म्हटल्याशिवाय शागिर्दानं दुकान थाटायचं नाही. थाटलंच, तर बाकीचे दुकानदार त्याला साधी वायरसुद्धा देत नसत.

सकाळी वस्ताद म्हणाले होते, "वाचनालयाचा संगणक एकट्यानं कर. नीट झाला तर जा."

संगणक जुना होता. त्यातली हार्ड डिस्क रडत चालायची. तिच्यावरची सगळी सिस्टीम उचलून एसएसडी या नव्या, वेगवान डिस्कवर न्यायची, एवढंच काम. सुकुमारनं ते दुपारच्या आत उरकलं. बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला.

वाचनालयाच्या मंदाताई स्टुलावर बसल्या होत्या. त्या हरखल्या.

"अगं बाई! हा सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून व्हायचा. आता चहा बुडाला म्हणायचा!"

सुकुमार हसला. छाती वीतभर पुढं आली.

"सांगा वस्ताद, पुसू ना जुनी?"

"पूस की," वस्ताद म्हणाले. "आधी काढून बघ."

"कशाला? पळतोय की घोड्यासारखा."

वस्ताद उठले. संगणक बंद केला. जुन्या डिस्कची वायर उपसली आणि बटण दाबलं.

काळा पडदा. त्यावर एकच पांढरी ओळ. सुरू करण्याजोगं काही सापडत नाही.

मंदाताईंचा हात तोंडावर गेला. "अहो चाचा, माझ्या अकरा हजार पुस्तकांच्या नोंदी!"

"आहेत, ताई. जागच्या जागी आहेत. त्यांना उठवणारं कुणी नाही."

सुकुमारनं नव्या एसएसडीची वायर हलवली. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ.

मग त्याच्या ध्यानात आलं. संगणकाला जागं करणारा एक बारीकसा भाग डिस्कच्या कोपऱ्यात असतो. नजरेला सहसा दिसत नाही. त्यानं मोठा भाग नेला होता, हा मागंच राहिला होता. पळत होती नवी, पण तिला उठवत होती जुनी.

"आजवर असं कधी झालं नाही, वस्ताद. डझनावारी केलेत मी."

"केलेस."

"एकही परत आला नाही."

"तू घरी गेल्यावर मी ते नीट करत बसत होतो."

सुकुमारची मान खाली गेली.

"तीन वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"तू कधी काढून बघितलं नाहीस." वस्ताद खदखदून हसले. "पाटी मात्र रंगवलीस. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

मंदाताईही हसल्या. सुकुमारला हसावं की रडावं कळेना. शेवटी तोही हसला.

त्यानं काम पहिल्यापासून मांडलं. वस्तादांनी स्टूल फिरवलं आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. एकदाही मागं वळले नाहीत. सुकुमारनं दोनदा हाक मारायला तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

उन्हं कलली तेव्हा त्यानं जुनी डिस्क स्वतःच्या हातानं बाहेर काढली. बटण दाबलं.

संगणक उठला.

"जाऊ, वस्ताद?"

"जा."

सुकुमार पाया पडला. "दक्षिणा काय देऊ?"

"मला फोन करू नकोस."

"म्हणजे… कधीपर्यंत?"

वस्तादांनी पावतीपुस्तक ओढलं. मंदाताईंना पावती फाडून दिली.

पाडव्याला दुकान उघडलं. तिसऱ्या दिवशी एक संगणक आला. सिस्टीम नव्या डिस्कवर नेलेली, पण काही केल्या उठेना. गिऱ्हाईक समोर उभं. सुकुमारचा हात खिशातल्या फोनवर गेला. नंबर निघाला. अंगठा त्यावर थांबला…

त्यानं फोन खणात टाकला आणि खण लावला.

गिऱ्हाइकाला म्हणाला, "उद्या या, काका." दुसऱ्या दिवशी दुपारी दोष सापडला. गल्लीला ऐकू जाईल असा तो एकटाच ओरडला, "उठला!"

त्यानंतर किती आले, किती अडले. खण मात्र त्या कामासाठी उघडला नाही.

अक्षय्यतृतीयेला सकाळी फोन वाजला. वस्तादांचं नाव बघून सुकुमार उभा राहिला.

"बोला, वस्ताद."



"दक्षिणा फिटली," वस्ताद म्हणाले, आणि फोन ठेवला.