आईच्या नावाचा गोळा

शलोमीची आई शहरात दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची आणि शलोमी इथे गावात, मावशीकडे, तिची वाट बघायची. वाट बघून डोळे दुखतात म्हणे. शलोमीचे तर पायही दुखायचे, कारण ती रोज एसटीच्या फाट्यापर्यंत जाऊन यायची. आज नाताळ! पण आईचा निरोप आला होता, "मालकांकडे पाहुणे आहेत. सुट्टी नाही."

मावशीनं जेमतेम थोडासा खिमा आणला होता. त्यात घालायला पुदिना हवा, म्हणून शलोमी विहिरीमागच्या हिरव्यागार वाफ्यात गेली आणि पानं खुडता खुडता रडू लागली.

"हळू गं! भिजवलंस ना मला!"

एका इवल्याशा पानावर एक इवलीशी परी बसली होती. पोपटी परकर, लालचुटुक पोलकं आणि चमचमते चिमुकले पंख.

"काय हवंय माझ्या सोनुलीला?"

"आई हवीय. आज जेवायला."

"येईल हं! पण नियम ऐक. जेवणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन एकेकच गोळा वळायचा. ज्याचा त्यानंच खायचा. एक जरी दुसऱ्याच्या पोटात गेला, तर आई येणार नाही."

शलोमी धावतच घरी आली. खिम्यात दुधात भिजवलेला पाव, हिरवा पुदिना आणि लाल मिरचीचे तुकडे घालून तिनं गोळे वळले. एक मावशीचा, एक तिच्या धाकट्या अमोसचा, एक स्वतःचा. आईचा गोळा मात्र ती कितीतरी वेळ वळत राहिली. खाली ठेवावासाच वाटेना.

नाताळला गावातले सगळे ट्रे दाऊदचाचांच्या बेकरीत भाजायला जायचे. संध्याकाळी शलोमीचा नंबर शेवटचा लागला. चाचांनी लांब फळीनं ट्रे बाहेर ओढला. गोळे सोनेरी झाले होते आणि असा खमंग वास सुटला की चाचांनी आवंढा गिळला.

"चाचा, जेवलात का?"

"कुठलं जेवण, बेटा! तुझ्या चाचीला ताप आलाय, डबाच नाही आला. सकाळपासून तुमचेच ट्रे भाजतोय."

शलोमीनं ट्रेकडे पाहिलं. कुठलाही गोळा दिला तरी आई येणार नव्हती. मग तिनं आईचाच गोळा उचलला. आई इथे असती तर तिनं आपलाच दिला असता.

"घ्या, चाचा."

उरलेले गोळे वरून लाल व्हायला चाचांनी पुन्हा आत सरकवले आणि ते खाऊ लागले. तोच भट्टीतून झगमगती परी बाहेर आली.

"नियम मोडलास ना?"

"हो. चाचांना भूक लागली होती."

"आणि आई?"

शलोमी पुन्हा रडू लागली. परीनं तिचे डोळे पुसले.

"नियम हावऱ्यांसाठी असतात गं. तुला 'नाही' म्हणायला माझीच जीभ रेटत नाही."

एवढं म्हणून परीचा लख्ख सोनेरी उजेड झाला. तो दारातून भुर्रकन निघाला, रस्ताभर पसरला आणि फाट्यावर येणाऱ्या एसटीच्या दिव्यांत मिसळून गेला. एसटी थांबली. पिशवी सावरत कुणीतरी उतरलं आणि धावतच बेकरीकडे सुटलं.

"शलो! अगं, काय जळतंय?"

"या अल्ला, ट्रे!" चाचा ओरडले.

गोळे बुडाला करपलेच! वर तीनच, आणि जेवणारे चार. घरी ताटावर बसल्यावर आई म्हणाली, "मला भूक नाही, तुम्ही खा."

शलोमीनं आपल्या गोळ्यातला पहिला घास आईच्या तोंडापुढे धरला. इतके दिवस सगळ्यांना वाढणाऱ्या आईला कुणी भरवलंच नव्हतं.